राजसबाईंचा मोकळा आवाज

१४ जुलै, सोमवार

नवी फाइल. आधीची दैनंदिनी फोनमधल्या एका ॲपात होती. ते ॲप काढणारी कंपनी बुडाली आणि गोव्यापासून हंपीपर्यंतचं माझं सगळं हिंडणं सोबत घेऊन गेली. म्हणून आता साधी टेक्स्ट फाइल. ही पन्नास वर्षांनीही कुठल्याही यंत्रावर उघडेल. वाचणार कोण, ते सोडा.

दुपारी बालाजीमामा माडीवर आले. मामा म्हणजे माझे घरमालक. इथे तमिळ मुलुखात, मैलापुरात, वडीलधाऱ्या माणसाला मामा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. हे तंजावरचे मराठी. व्यंकोजीराजांबरोबर आपले पूर्वज आले असं सांगतात. घरात अजून मराठी बोलतात, पण लिहितात तमिळ अक्षरांत. मी चाळीसगावचा, डिप्लोमा तिसऱ्या वर्षी सोडून दिलेला. तरी केवळ मराठी म्हणून त्यांनी मला माडीवरची खोली दिली.

"तंबी, एक विचारायचं होतं," म्हणाले (तंबी म्हणजे धाकटा भाऊ) आणि माझ्या उघड्या पडलेल्या लॅपटॉपांकडे बघत बसले. (लोकांचे दमलेले लॅपटॉप घ्यायचे, आतली कंपनीच्या मालकीची बंदिस्त सिस्टीम काढून कुणालाही उघडून बदलता येईल अशी मुक्त सिस्टीम घालायची आणि परत द्यायचे. माझं पोट त्यावर चालतं.) शेवटी बोलले. अम्मांच्या घशातली गाठ वाईट निघाली. चार ऑगस्टला ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार. जीव राहील, आवाज जाईल.

अम्मा म्हणजे त्यांच्या आई, राजसबाई. त्यांचा आवाज जाणार म्हणजे काय, हे या गल्लीत राहिल्याशिवाय कळणार नाही. गच्चीतून हाक मारली की देवळाच्या तळ्याच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला ब्रेक दाबतो.

डॉक्टर म्हणाले, आधीच रेकॉर्ड करून ठेवा, आजकाल संगणक तोच आवाज परत काढतो. नातीनं, नंदितानं, लगेच एका कंपनीचं ॲप शोधलं. ती सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. "सिम्पल रे. आज्जी थोडं बोलेल, आपण अपलोड करू. मग टाइप केलं की आज्जीच्या आवाजात येतं."

मी म्हटलं, "आणि कंपनी बुडाली तर? त्यांनी उद्या मराठी बंद केली तर? स्वतःच्या आज्जीचा आवाज भाड्यानं घेणार?"

हे वाक्य मला फार आवडलं. मामांनाही लागलं. "मग तुम्हीच करा तंबी. तुमच्या त्या मुक्तवाल्यात."

हो म्हटलं. काम कुठून सुरू करायचं ते अजून माहीत नाही.

१७ जुलै, गुरुवार

सुरुवात झाली. इंटरनेटवर मराठी वाक्यांचा मोकळा संच मिळाला, सगळे उच्चार येतील असा बेतलेला. पहिलीच अडचण, राजसबाईंना नागरी वाचता येत नाही. मामांनी बँकेतून आल्यावर बसून एकेक वाक्य तमिळ अक्षरांत मोठं मोठं उतरवलं. त्या चष्मा लावून शाळेतल्या मुलीसारख्या वाचतात.

"विदर्भात… तुरळक ठिकाणी… सरी कोसळतील." थांबल्या. "कां रे, विदर्भ मणजे कोण?"

"गाव आहे आज्जी. म्हणजे प्रांत."

"तेथें पाऊस पडला तर मज काय? असें कोण बोलेल बा घरांत?"

"वाचा ना. उच्चारांसाठी आहे."

"ही तुमची रेडिओची मराठी." मग आत तोंड करून, "ए नंदू! दूध उतू जाईल बघ! कानांत काय कोंबलेस?" मग परत मला, "हां, सांग. पुढे कोण मेलें?"

दर दोन वाक्यांमागे असलं काहीतरी. हसणं, खोकणं, खालच्या इस्त्रीवाल्या अण्णाशी गच्चीतून तमिळमध्ये भांडण, मला कॉफी पी म्हणून ओरडणं. रात्री बसून ते सगळं कापायचं आणि स्वच्छ वाक्यं वेगळी करायची. चिकट काम आहे.

२० जुलै, रविवार

आडी महिना लागला. इकडे या महिन्यात देवीच्या देवळांत उत्सव. पहाटेपासून गल्लीच्या दोन्ही टोकांना कर्णे. तीन दिवस एकही वाक्य धड मिळालं नाही. सगळ्यामागे नादस्वरम.

मग मी म्हटलं वेळ वाया नको घालवायला. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमचे मेनू मराठीत नव्हते, ते करायला घेतले. 'अनडू'ला काय म्हणावं यावर गटात मोठी चर्चा झाली. 'मागे घ्या' की 'रद्द करा'? 'मागे घ्या' ठरलं. समाधान वाटलं. त्यात दोन दिवस गेले खरे.

सकाळी आमचा गट नागेश्वरराव पार्कात जमला. गट म्हणजे काशिनाथ आणि आम्ही चारपाच. काशिनाथ मूळ नाशिकचा, माझा गुरू म्हणायला हरकत नाही. तीन वर्षांपूर्वी त्याच्या शिबिराला आलो तो इथेच राहिलो. आठवडाभर सिरुसेरीला बंदिस्त सॉफ्टवेअर लिहितो आणि रविवारी झाडाखाली स्वातंत्र्य सांगतो. आम्ही यावर चिडवलं की म्हणतो, "तुरुंगात राहणाऱ्यालाच कुलपं कळतात."

राजसबाईंचं ऐकून तो उसळलाच. "अरे, तंजावरच्या मराठी बाईचा आवाज! असा संच जगात कुठे नाही. सार्वजनिक संग्रहात टाक, मुक्त परवान्याखाली. कुणीही वापरू दे, सुधारू दे. तेव्हा तो खरा मोकळा."

माझ्या लॅपटॉपवर यंत्राला तिचा आवाज शिकवायला आठवडे लागतील म्हटलं. त्याच्या ऑफिसात ताकदवान यंत्रं आहेत, पण ती कंपनीची आणि त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर बंदिस्त. "देव्हाऱ्यात चपला नकोत," म्हणाला. पटलं. निदान तेव्हा पटलं.

येताना मैलापूर स्टेशनात शिरलो. आतून केवढं मोठं आणि किती रिकामं! खांबांमध्ये टाळी वाजवली की पाच वेळा परत येते. तासभर टाळ्या वाजवत बसलो. आवाज कसा परततो यावर काहीतरी वाचायला हवं.

२६ जुलै, शनिवार

नंदिताशी भांडण.

"किती झालं?"

"निम्म्याच्या वर. पण कर्ण्यांमुळे बरंच परत करावं लागेल."

"परत? देवेश, तिला गिळताना दुखतंय. तुला दिसत नाही?"

मला दिसलं नव्हतं. आवाज जरा बसल्यासारखा येतोय हे ग्राफवर दिसलं होतं.

ती म्हणाली ॲपला कर्णेबिर्णे चालतात, जे आहे ते दे. मी तत्त्व सांगितलं. "तुझं तत्त्व बोलणार आहे का सकाळी, नंदू ऊठ म्हणून?" मी म्हटलं, मोकळ्या सॉफ्टवेअरला वेळ लागतो, पण ते आपलं असतं.

"आपलं म्हणजे कुणाचं?" असं विचारून ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटतं अजून काही बोलायचं होतं तिला. मी हेडफोन लावले. मग तिनं पेनड्राइव्ह पुढे केला, म्हणाली सगळं कच्चं रेकॉर्डिंग दे, ऐकायला. दिलं.

३० जुलै, बुधवार

आनंदाची बातमी. स्वच्छ वाक्यांचा पहिला हप्ता काशिनाथनं सार्वजनिक संग्रहात चढवला. नाव 'राजस'. परवाना सगळ्यात मोकळा: कुणीही, कशासाठीही. मी मामांना सांगितलं, आईंचा आवाज आता जगाचा झाला. "नल्लदु, चांगलं," म्हणाले. त्यांच्या हातात हॉस्पिटलचे कागद होते. राजसबाई झोपल्या होत्या.

लॅपटॉपची डिस्क भरली. कच्चं रेकॉर्डिंग पुसलं, कापलेला कचराही. आता शिकवायला जागा झाली.

३ ऑगस्ट, रविवार

उद्या ऑपरेशन. दुपारी शेवटची बैठक. आवाज घोगरा, पण त्या बसल्या. थोडी वाक्यं राहिली होती.

मध्येच कागद खाली ठेवला. "पोदुम, पुरे हे. आतां माझें कांहीं बोलूं दे. तें घाल तुझ्या यंत्रांत."

"घालतो आज्जी. एवढी वाक्यं झाली की लगेच."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग कागद उचलला. "टपाल कार्यालय… सोमवारी… बंद राहील." सगळी वाचली, एकही चुकलं नाही. शेवटचं वाक्य झालं आणि कोपऱ्यावरचा कर्णा सुरू झाला. मी थांबलो. तो थांबेना. मग हॉस्पिटलात जायची गाडी आली.

५ ऑगस्ट, मंगळवार

नीट पार पडलं. घशाला भोक. श्वास तिथून.

मामा बाहेरच्या बाकावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आमचे तंबी करतायत. सगळं रेकॉर्ड आहे." समोरच्या पेशंटच्या नातेवाइकांनाही सांगितलं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

त्या घरी आल्या. मी शिकवलेला आवाजही तयार झाला. लॅपटॉप चौदा दिवस तापला, पंखा जळाला, मी टेबलफॅन लावून ठेवला.

सगळे जमले. मी टाइप केलं: 'मला पाणी पाहिजे.' तो बोलला. बादलीत तोंड घालून कुणीतरी म्हातारा बोलतोय असं. पण मी म्हटलं, ही पहिली आवृत्ती आहे.

मग नंदितानं तिचा फोन काढला. त्यातून राजसबाई म्हणाल्या, "मला पाणी पाहिजे."

त्याच. चरचरीत, मधेच किंचित हसल्यासारखा आवाज. मामा भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. पेनड्राइव्ह तिनं ऐकायला नेलाच नव्हता, जुलैतच त्या कंपनीला सगळं चढवलं होतं. कर्णे, खोकला, शिव्या, सगळ्यासकट.

राजसबाईंनी फोनवर बोट ठेवलं, जसं मांजराच्या पाठीवर ठेवतात.

मी माडीवर येऊन कंपनीच्या अटी वाचल्या. आवाजाच्या प्रतिकृतीचे सगळे हक्क त्यांचे. आपल्याकडे उतरवून (डाउनलोड करून) घ्यायची सोय नाही. मी खरा ठरलो. खरा ठरून इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार

त्यांचं रोजचं चालतं ते असं: त्या पाटीवर तमिळ अक्षरांत मराठी लिहितात, घरचं कुणीतरी वाचून नागरीत टाइप करतं, फोन बोलतो. घरात कुणी नसलं की बंद. मला तमिळ अक्षरं येत नाहीत. तीन वर्षं झाली, बसचे आकडे बघून हिंडतो.

म्हणून त्यांच्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. त्यांनी फोनवर तमिळ अक्षरांत लिहायचं, तो नागरी करतो आणि कंपनीच्या ॲपला देतो. अंदाज बरेचदा चुकतो, तरी चालतं. काल पहिल्यांदा त्या स्वतः, एकट्या, फोनमधून म्हणाल्या, "बालाजी, पंखा कमी कर." मामांनी पंखा बंदच केला आनंदानं.

पार्कात हे सांगितलं. काशिनाथ म्हणाला, "म्हणजे मुक्त कोड लिहून बंदिस्त कंपनीच्या दारात पाणी भरलंस."

"त्या बोलल्या रे."

"कंपनी बोलली."

बाकीचे गवत उपटत होते. एकानं विचारलं, तुझ्या फोनवर आहे का ते ॲप? हो म्हटलं. काशिनाथ म्हणाला, गटाच्या चाव्या काही दिवस माझ्याकडे दे, संग्रहाचा पासवर्ड वगैरे. दिला. वडे आणले होते सगळ्यांसाठी, ते तसेच राहिले.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्र. दिवाणखान्यात कोलू मांडलाय, पायऱ्यांवर बाहुल्या, सगळ्यात वर लाकडी राजाराणी. दिवेलागणीला बायका येतात. पद्धत अशी की आलेल्या बाईनं कोलूपुढे गायचं, घरच्या बाईनंही गायचं, मग कुंकू आणि चण्याची उसळ. राजसबाई दर वर्षी एक जुनं मराठी पद म्हणायच्या, सासूकडून आलेलं. माझी आधीची सगळी वर्षं उसळीवर नजर ठेवण्यात गेली, पद काही आठवत नाही.

आज शेजारच्या त्रिपुरसुंदरीमामी गाऊन झाल्यावर सवयीनं राजसबाईंना, गल्लीच्या रायरम्मांना, म्हणाल्या, "रायरम्मा, तुमचं?" आणि जीभ चावली.

मामा उठले. त्यांनी पद आधीच टाइप करून ठेवलं होतं. मोठ्या अभिमानानं बटण दाबलं.

फोननं पद वाचलं. सूर नाही, ताल नाही. हॉस्पिटलचं बिल वाचावं तसं, पण आवाज हुबेहूब त्यांचा. तिसऱ्या ओळीला एका बाईनं पदर तोंडाला लावला.

राजसबाई उठल्या, फोन मामांच्या हातातून घेतला, बंद केला आणि राजाराणीच्या मागे पालथा घालून ठेवला. मग सगळ्यांना कुंकू लावलं. त्यानंतर त्यांनी फोन हातात घेतलेला नाही.

मला वाटतं सुराचं गणित त्या ॲपला जमलेलं नाही. माझ्या प्रोग्रॅममध्ये ते घालता येईल. उद्यापासून त्यावर लागतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

कंपनीची मेल. कंपनी विकली गेली, नवे मालक ही सेवा चालवणार नाहीत, साठवलेले सगळे आवाज या महिन्याअखेर पुसले जातील. खाली फुलांचं चित्र आणि 'या प्रवासात सोबत राहिल्याबद्दल आभार'.

मी मूळ रेकॉर्डिंग परत द्या म्हणून लिहिलं. उत्तर दोन मिनिटांत आलं, यंत्राचं. पुन्हा लिहिलं. तेच उत्तर.

नंदिता माडीवर आली. जुलैनंतर पहिल्यांदा. दारातच उभी.

"तुझ्याकडे आहे ना मूळचं? मी पेनड्राइव्ह पुसून ऑफिसला वापरला. तुझ्याकडे असेल म्हणून."

मी स्वच्छ वाक्यं लावली. टपाल कार्यालय सोमवारी बंद राहील. शेजारच्या दुकानात सुटे मिळतात का.

"ही आज्जी नाही. ही आज्जी तुझा कागद वाचतेय." मग हळू म्हणाली, "मधलं लाव. ती मला दुधावरून ओरडली होती. ए नंदू म्हणाली होती. ते लाव."

"ते कापलं."

"कापलेलं लाव."

मी पंख्याकडे बघितलं. तिला कळलं. जिन्यावरून उतरताना पायातल्या पट्ट्यांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत आला. असले आवाज कोण रेकॉर्ड करणार.

रात्री डिस्कमधून पुसलेलं परत काढायचे तीन प्रोग्रॅम चालवले, त्यातला एक बंदिस्त, चोरून उतरवलेला. माझ्याच शिकवण्यानं त्या जागेवर दहा वेळा लिहिलं गेलंय. काही उरलेलं नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

मामांच्या वहिनींनी तंजावरहून व्हिडिओ पाठवला. 'अम्मा बोलते बघा!!' गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. एक चित्रातली म्हातारी, आणि आवाज राजसबाईंचा: "या तेलानं मी पुन्हा चालू लागले. आजच मागवा."

मामा ओरडले, "त्या चोरांनी विकला! तंबी, तुम्ही म्हणत होता तेच!" नंदितानंही माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्या बघण्यात माफी होती.

मी मात्र ऐकत होतो. चरचर नाही, हसू नाही, खोकला नाही. स्वच्छ, शाळेतल्या मुलीसारखी वाचलेली रेडिओची मराठी.

राजसबाईंनी व्हिडिओ मागून घेतला. परत लावला. परत लावला. गुडघ्यावर हात फिरवला. त्यांचे गुडघे चांगले आहेत.

माडीवर येऊन संग्रह उघडला. 'राजस' बरंच उतरवलं गेलंय. खाली काशिनाथनं लिहिलंय, 'आपला आवाज लोक वापरू लागले, अभिनंदन!' त्याला फोन केला. काढून टाक म्हटलं.

"काढून काय होणार? ज्यांनी घेतला त्यांच्याकडे राहणारच. परवाना मागे घेता येत नाही, देवेश. तोच तर त्याचा अर्थ. शिबिरात हे तूच शिकवायचास."

"त्यांना विचारलं नव्हतं आपण."

"तू विचारलं असशील असं मला वाटलं."

मागे त्याच्या ऑफिसातली लिफ्ट कुठला मजला ते बोलत होती. मी फोन ठेवला. खाली गेलो नाही. मामा अजून कंपनीला शिव्या देत होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

बॅग भरली. कोचीला जातोय, तिथे कुणीतरी शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअर बसवतंय म्हणे. खरं तर कुठेही चाललं असतं. सगळे लग्नाला गेलेत. घरात राजसबाई आणि मी.

निरोप घ्यायला उतरलो. त्या पितळी वाटीवर पेला दोनदा आपटतात, हीच आता त्यांची हाक. कॉफी ठेवली. बॅगेकडे बघितलं. मग पाटी घेतली आणि बराच वेळ लिहिलं, ओळी भरून, आणि माझ्यापुढे धरली.

मी फोन काढला. त्यात फोटोवरून तमिळ वाचणारं ते मोठ्या कंपनीचं ॲप आहे. सप्टेंबरात घातलं, इथे लिहिलं नव्हतं. फोन पाटीवर धरला. त्याला ती मराठी आहे हे कसं कळणार? म्हणालं: 'सावली विचारते. कोणते फूल, दरवाजा.' राजसबाईंनी नकारार्थी मान हलवली. पाटी माझ्या हातात दिली आणि बोटानं खाली दाखवलं.

खाली इस्त्रीवाले अण्णा. पाटी दाखवली, मोठ्यानं वाचा म्हटलं मोडक्या तमिळमध्ये. त्यांनी इस्त्री उभी ठेवली, हात पुसले. "हे तमिळ नाही," म्हणाले. वाचा फक्त, म्हटलं. ते एकेक अक्षर लावून वाचू लागले. अर्थाशिवाय, तमिळ वळणानं, सगळं सपाट.

"यंत्रांतलें माझें बोलणें अस्कें पूस. तेलवाल्याचें पण पूस. एकही ठेवूं नको. मग जा."

अस्कें म्हणजे सगळं. एवढं मला इथे राहून येतं. एका परक्या माणसाच्या तोंडून, कोळशाच्या धगीत, राजसबाई बोलल्या. जुलैपासून मी जे करायला बसलो होतो ते अण्णांनी उभ्या उभ्या केलं, आणि काय बोललो हेही त्यांना कळलं नाही.

"रायरम्मा काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. "त्यांची हाक नाही आली की शर्ट किती वाजता द्यायचे तेच कळत नाही आता."

वर आलो. लॅपटॉप त्यांच्यापुढे उघडला. स्वच्छ वाक्यांचं फोल्डर पुसलं. माझा बादलीतला म्हातारा पुसला. फोनमधलं, बॅकअपमधलं, सगळं काढलं. त्या एकेका फोल्डरवर बोट ठेवत होत्या, आणि हे? आणि हे? मी पुसत होतो. शेवटी कचरापेटी रिकामी केली. पडदा कोरा झाला.

त्यांनी पाटीच्या कोपऱ्यात एकच शब्द लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह. तो मला वाचता आला. मघाशी अण्णांचं बोट त्यावर थांबलं होतं, आकार लक्षात होता. तमिळ अक्षरांत मी वाचलेला हा पहिलाच शब्द.

अस्कें?

मी मान हलवली. हो.

सकाळीच संग्रहाचं पान पाहिलं होतं. उतरवणाऱ्यांचा आकडा वाढलाय. एकानं खाली विचारलंय, या बाईंचं आणखी रेकॉर्डिंग मिळेल का.

राजसबाईंनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कॉफीकडे बोट दाखवलं, पी. मी प्यायलो. त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि पाटी पुसली, कडेकोपऱ्यांपर्यंत, आणि उजेडात धरून पाहिली काही राहिलं तर नाही ना.